महाराष्ट्राचे करधोरण, रोजगारनिर्मिती आणि स्थलांतर : लासूर स्टेशन परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या वेतनपत्रकात दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारी महिन्यात ३०० रुपयांची एक कपात असते. भविष्य निर्वाह निधी आणि आयकराच्या मोठ्या आकड्यांमध्ये ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हा व्यवसाय कर होय. वर्षाकाठी २,५०० रुपयांचा हा कर महाराष्ट्राने १९७५ च्या अधिनियमान्वये लागू केला आणि तो लावताना त्याचे प्रयोजनही स्पष्टपणे ठरवून दिले : रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे. शहरातील पगारदार, व्यापारी व व्यावसायिक यांच्याकडून घेतलेल्या करातून कोरडवाहू गावातील मजुराला त्याच्या गावाजवळ काम मिळावे, अशी ती योजना होती.

हेच राज्य १९६४ पासून दुसरेही एक करधोरण राबवीत आले आहे. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून सुरू झालेल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत कारखानदाराला जमीन, भांडवल आणि पुढे मुख्यतः विक्रीकरात सवलत देण्यात आली. १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३ आणि २०१९ अशा या योजनेच्या आवृत्त्या निघाल्या. म्हणजे रोजगारासाठी कर घ्यायचा आणि रोजगारासाठीच कर सोडूनही द्यायचा, असे दोन्ही मार्ग एकाच शासनाने एकाच वेळी चोखाळले. आश्चर्य असे की, या दोहोंची तुलना मराठीतील अर्थशास्त्रीय लेखनात क्वचितच आढळते. पहिल्या मार्गाची चर्चा ‘कल्याणकारी योजना’ या प्रकरणात होते, तर दुसऱ्याची ‘औद्योगिक धोरण’ या प्रकरणात. पाठ्यपुस्तकांतील या विभागणीमुळे एक साधा प्रश्न बाजूला पडला : कोणत्या करामुळे कोणाला, कोठे आणि किती अंतरावर काम मिळाले?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशन या गावाच्या संदर्भात तपासला आहे. करसवलतीचा दोष ती देण्यात नसून तिचे मोजमाप करण्याच्या पद्धतीत आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. सवलत भांडवल मोजते आणि तालुका मोजते. माणूस मोजत नाही.

एकाच तालुक्यातील दोन टोके

लासूर स्टेशन हे नावच रेल्वेने दिलेले आहे. मूळ लासूर गावापासून वेगळी अशी ही वस्ती निजामाच्या राजवटीत मनमाड-हैदराबाद मार्ग सुरू झाल्यानंतर, १९०० च्या सुमारास, स्थानकाभोवती वाढली. कापूस, मका, कांदा यांची बाजारपेठ, आडते, व्यापारी आणि आसपासच्या कोरडवाहू गावांतून येणारा शेतकरी हे तिचे स्वरूप आजही टिकून आहे. कर आणि स्थान यांचे नाते या परिसराला नवे नाही. मनमाड ब्रिटिश मुलखात आणि लासूर निजामाच्या मुलखात असल्याने दोहोंच्या मधून हैदराबाद संस्थानची सीमा जात असे आणि मालावर ‘करोडगिरी’ हा सीमाशुल्काचा कर द्यावा लागे. त्या काळी एकाच लोहमार्गावरील दोन स्थानकांत मालाची किंमत कराने बदलत असे.

याच गंगापूर तालुक्याच्या पूर्व टोकाला वाळूज आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वाळूज वसाहतीत १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्यामागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची रांग लागली. रांजणगाव शेणपुंजीसारखे खेडे जनगणनेत नगर म्हणून नोंदले जाऊ लागले. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ५.७३ लाख होती. २०११ मध्ये ती ११.७५ लाख झाली. वीस वर्षांत दुपटीहून अधिक झालेली ही वाढ केवळ जन्मदराची नाही. जालना, बीड, परभणी, बुलढाणा येथून आणि बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश येथूनही माणसे या पट्ट्यात आली.

सामूहिक प्रोत्साहन योजनेने मागासलेपणाचे एकक म्हणून तालुका स्वीकारला आणि अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी केली. पुढे विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त क्षेत्रे हे आणखी वर्ग आले. जिल्ह्याऐवजी तालुका घेणे हे नि:संशय पुढचे पाऊल होते. १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलावर अहवाल देणाऱ्या वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीनंतर अनुशेषाची चर्चा विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र अशा मोठ्या तुकड्यांतच दीर्घकाळ अडकून राहिली, हे पाहता तालुका ही अधिक सूक्ष्म चाळणी ठरते. तथापि वाळूज आणि लासूर स्टेशन ही दोन्ही गावे एकाच चाळणीच्या एकाच छिद्रातून जातात, हेही तितकेच खरे. तालुक्याचा जो काही वर्ग ठरेल तो दोघांचा सारखाच. त्यामुळे या तालुक्यासाठी सवलत घेणारा कारखानदार मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, तयार वसाहतीत, सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या शेजारी जागा घेईल; शिवना नदीकाठच्या कोरड्या माळावर येण्याचे त्याला कारण काय? यात कारखानदाराचा दोष नाही. सवलत त्याला तालुक्यात आणते, तालुक्यात नेमके कोठे ते बाजार ठरवतो. मागासलेल्या तालुक्यातील सर्वांत पुढारलेल्या गावाला मागासलेपणाचा लाभ मिळावा, हा या एककाचा अंगभूत परिणाम आहे.

न घेतलेल्या कराचा हिशेब

१९८० आणि १९९० च्या दशकांतील आवृत्त्यांमध्ये विक्रीकराची सवलत मुख्यतः दोन प्रकारची होती : माफी आणि स्थगन. माफीत कर आकारला जात नसे. स्थगनात उद्योग ग्राहकाकडून कर वसूल करी, पण तो ठरावीक वर्षांपर्यंत स्वतःजवळ ठेवून नंतर हप्त्यांनी, बिनव्याजी भरत असे. मोटारसायकल घेणाऱ्या लासूरच्या शेतकऱ्याने दिलेला कर अशा रीतीने काही वर्षे कारखान्याचे खेळते भांडवल होत असे. पुढे मुंबई विक्रीकर अधिनियमात दुरुस्ती करून ही स्थगित रक्कम मुदतीपूर्वी भरण्याची मुभा दिली गेली, तीही निव्वळ वर्तमान मूल्याने, म्हणजे मूळ रकमेपेक्षा बरीच कमी. उरलेला फरक हे उद्योगाचे करपात्र उत्पन्न मानायचे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने उद्योगाच्या बाजूने कौल दिला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच असेल. लोकवित्ताच्या अभ्यासकाला मात्र त्यातून वेगळीच गोष्ट दिसते : ग्राहकाने दिलेल्या कराचा एक भाग राज्यालाही मिळाला नाही, ग्राहकालाही परत गेला नाही आणि त्याच्या बदल्यात किती रोजगार झाला याची नोंद त्या व्यवहाराचा भाग नव्हती.

न घेतलेला कर अंदाजपत्रकात खर्च म्हणून दिसत नाही, ही येथील मूळ अडचण आहे. रोजगार हमीवरील प्रत्येक रुपयाची विधिमंडळात चर्चा होत असे, हजेरीपत्रकांची चौकशी होत असे, बोगस मजुरांच्या बातम्या छापून येत. करसवलतीची हजेरीपत्रके कोणी तपासली नाहीत. केंद्र शासनाने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून सोडून दिलेल्या महसुलाचे विवरण प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्यानंतरच या विषयावर आकड्यांच्या आधारे बोलण्याची सवय आपल्याकडे लागू लागली.

‘किंवा’

धोरणाचे मूल्यमापन करताना शासन निर्णयातील मोठ्या शब्दांपेक्षा लहान शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरते. २००७ च्या योजनेत ‘विशाल प्रकल्प’ ठरण्यासाठी अ आणि ब वर्गात ५०० कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक किंवा १,००० हून अधिक व्यक्तींना रोजगार, आणि इतरत्र २५० कोटी रुपये किंवा ५०० व्यक्ती, अशी अट होती. यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘किंवा’ हा आहे. ‘आणि’ असता तर भांडवल व श्रम यांची सांगड घालावी लागली असती. ‘किंवा’मुळे ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला माणसे मोजून दाखवण्याची गरज उरत नाही. कर्जावर स्वयंचलित यंत्रे आणणाऱ्या आणि पाचशे माणसांना कामावर घेणाऱ्या, दोघांनाही एकच दार उघडे आहे. आणि सवलतीची कमाल रक्कम स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या टक्केवारीत बांधलेली असल्यामुळे पहिल्याला ते अधिक रुंद आहे. श्रमाची विपुलता असलेल्या प्रदेशात भांडवल स्वस्त करणारी सवलत द्यायची आणि मग रोजगार अपेक्षेइतका वाढला नाही म्हणून खंत करायची, हा विरोधाभास योजनेच्या मसुद्यातच दडलेला आहे.

अलीकडील घोषणांतूनही हे स्पष्ट होते. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रासाठी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या दोन प्रकल्पांपैकी एथर एनर्जीच्या विद्युत दुचाकी प्रकल्पाची घोषित गुंतवणूक सुमारे २,००० कोटी रुपये आणि रोजगार सुमारे ४,००० होता. टोयोटा किर्लोस्करच्या प्रकल्पाची गुंतवणूक सुमारे २०,००० कोटी रुपये आणि प्रत्यक्ष रोजगार सुमारे ८,००० सांगण्यात आला. पहिल्यात एका रोजगारामागे ५० लाख रुपये, दुसऱ्यात अडीच कोटी. दोन्ही उद्योग स्वागतार्हच आहेत आणि मोटारनिर्मितीभोवती जे पूरक उद्योग उभे राहतात त्यांचे मोल या भागाकारात येत नाही, हे मान्य करावयास हवे. पण भांडवलाच्या प्रमाणात सवलत मोजली गेली तर एका नोकरीमागे राज्याचे दायित्व पाचपट कसे होऊ शकते, एवढे समजण्यास हा भागाकार पुरेसा आहे.

स्थानिक कोण?

सवलतींच्या बदल्यात उद्योगांनी एकूण नोकऱ्यांपैकी किमान ८० टक्के व पर्यवेक्षकीय नोकऱ्यांपैकी किमान ५० टक्के स्थानिकांना द्याव्यात, असा शासनाचा जुना दंडक आहे. त्यातील ‘स्थानिक’ म्हणजे राज्यात १५ वर्षे अधिवास असलेली व्यक्ती. कोल्हापूरचा पदविकाधारक आणि लासूरचा बारावी उत्तीर्ण तरुण या व्याख्येत समान आहेत. मागासलेपण मोजताना तालुका आणि लाभार्थी मोजताना संपूर्ण राज्य, अशी ही दोन मापे आहेत. तालुक्याच्या नावाने सवलत मिळते. तालुक्यातील माणसाचे नाव मात्र कोठेच लिहावे लागत नाही. शिवाय ही अट प्रामुख्याने कायम कामगारांच्या यादीत पाहिली जाते. कंत्राटदारामार्फत येणारा कामगार, जो आज वसाहतीच्या दारात सर्वाधिक दिसतो, तो कोणाच्या यादीत येतो हा प्रश्न उरतोच.

८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. ते जालन्याच्या पोलाद उद्योगातील कामगार होते आणि मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघाले होते. लासूर स्टेशनवरून जाणारा लोहमार्ग तोच आहे. स्थानिकांच्या प्रमाणाची चर्चा करणाऱ्या आपल्या व्यवस्थेला ही माणसे किती आणि कोण, हे त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हते. येथे परप्रांतीय विरुद्ध भूमिपुत्र असा वाद घालण्याचे प्रयोजन नाही. भट्टीसमोरचे काम करायला आलेल्या माणसाचा हक्क तितकाच खरा आहे. मुद्दा असा की, ज्या धोरणाचा हेतू स्थलांतर थांबवणे हा होता त्याने स्थलांतराची दिशा तेवढी बदलली.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेतील राज्यांच्या करसवलतींचा अभ्यास करणारे टिमथी बार्टिक यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, सवलतींमुळे एखाद्या प्रदेशात निर्माण होणाऱ्या नव्या नोकऱ्यांपैकी बहुतांश दीर्घकाळात बाहेरून येणाऱ्यांकडे जातात. मूळ रहिवाशांना लाभ होतो तो सुरुवातीच्या काळात हाती आलेल्या कामाच्या अनुभवातून. तो अनुभव पुढील आयुष्यभर उपयोगी पडतो. या निरीक्षणाचा उत्तरार्ध आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. कारखाना उभा राहण्याच्या वेळी जवळच्या गावातील तरुण कुशल असेल तरच सवलतीचा लाभ त्याच्यापर्यंत पोहोचतो. १९८५ मध्ये वाळूजच्या आसपासच्या किती खेड्यांत औद्योगिक प्रशिक्षणाची सोय होती, या प्रश्नाचे उत्तर या परिसरातील कोणत्याही वडीलधाऱ्या प्राध्यापकाला माहीत आहे.

घेतलेल्या कराची बाजू

आता दुसऱ्या मार्गाकडे वळू. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात केलेल्या प्रयोगातून ही कल्पना पुढे आली. १९७२ च्या दुष्काळात तिला राज्यव्यापी रूप मिळाले आणि १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. व्यवसाय कराबरोबरच मोटार वाहन, विक्रीकर, ओलिताची जमीन यांवरील विशेष करांतून आलेल्या उत्पन्नाएवढीच रक्कम शासनाने स्वतःकडून निधीत घालावी, अशी तरतूद होती. लोकवित्ताच्या दृष्टीने ही रचना असाधारण आहे. कराचा स्रोत, त्याचे प्रयोजन आणि लाभार्थ्याचा पत्ता या तिन्ही गोष्टी कायद्याने जोडल्या गेल्या होत्या. काम मागणारा जेथे राहतो तेथे, शक्यतो त्याच्या गावाजवळ काम द्यायचे. येथे एकक तालुका नव्हता, माणूस होता.

या मार्गाचे गुणगानच करावे असे मात्र नाही. दगड फोडणे, पाझर तलाव, रस्त्याची माती ही कामे जगण्यापुरती होती; त्यांतून कौशल्य आले नाही. १९८८ मध्ये मजुरीचे दर किमान वेतनाशी जोडले जाऊन जवळपास दुप्पट झाले, तेव्हा हमीची खरी परीक्षा झाली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांच्या १९९३ मधील अभ्यासाने दाखवले की, दरवाढीनंतर मागेल त्याला काम ही हमी प्रत्यक्षात शिथिल झाली आणि कामे हात राखून दिली जाऊ लागली. कायद्यात अमर्याद असलेला हक्क कार्यालयात मर्यादित झाला. पुढे मिक मूर आणि विशाल जाधव यांनी २००६ मध्ये केलेल्या विवेचनात या योजनेमागील राजकीय रेटा कसा ओसरला याची चिकित्सा आहे. आज लासूर परिसरातील पदवीधर तरुणाला पाझर तलावावर पाठवण्याची कल्पना कोणी मांडणार नाही. त्याला वाळूजची नोकरीच हवी असते, आणि त्याचे ते मागणे योग्यच आहे.

मात्र कराच्या बाजूने एक गोष्ट घडून गेली, तिची नोंद घ्यावयास हवी. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराची कमाल मर्यादा बांधलेली आहे. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५० वरून २,५०० रुपये झाली आणि तेथेच थांबली. तेव्हापासून वेतन आयोगामागून वेतन आयोग आले. प्राध्यापकांची वेतनश्रेणी कितीतरी पटींनी वाढली. दरमहा दहा हजारांहून थोडे अधिक मिळवणारा तासिका तत्त्वावरील अध्यापक आणि दोन लाखांच्या घरात वेतन घेणारा ज्येष्ठ प्राध्यापक आज तेच २,५०० रुपये भरतात. (महिलांना मात्र एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत या करातून सूट आहे.) रोजगारासाठी घेतलेला कर गोठला आणि रोजगारासाठी सोडलेला कर गुंतवणुकीच्या आकड्यांबरोबर वाढत गेला. ज्या वर्गाने हा कर भरला, त्यानेही त्याची मर्यादा वाढवण्याची मागणी कधी लावून धरली नाही. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या कपातीकडे दुर्लक्ष होण्याचे तेही एक कारण असावे.

सवलतींची स्पर्धा आणि वस्तू व सेवा कर

सवलत न देऊन चालले असते काय, असा प्रतिप्रश्न येथे येतो आणि तो रास्त आहे. २००३ मध्ये केंद्राने उत्तराखंडातील उद्योगांना उत्पादनशुल्कात दहा वर्षांची पूर्ण माफी दिली. २००७ मध्ये बजाज ऑटोचा पंतनगर येथील कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी पुण्याजवळच्या आकुर्डीतील वाहननिर्मिती थांबली. एका शासनाने कर सोडला आणि दुसऱ्या राज्यातील नोकऱ्या हलल्या, याचे याहून ठळक उदाहरण मराठी वाचकाला शोधावे लागणार नाही. अशा स्पर्धेत एकट्या महाराष्ट्राने सोवळे पाळणे व्यवहार्य नव्हते. राज्यांनी एकत्र येऊन १ जानेवारी २००० पासून विक्रीकरावरील सवलती थांबवण्याचे ठरवले, ते या स्पर्धेत सर्वांचाच तोटा होतो हे उमगल्यामुळे. तरीही अनुदानाच्या रूपाने ती स्पर्धा पुन्हा सुरू झालीच.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि चित्र मुळातच पालटले. हा कर जेथे वस्तूचा उपभोग होतो त्या राज्याला मिळतो. वाळूजमध्ये तयार झालेली दुचाकी तामिळनाडूत विकली गेली तर तिच्यावरील राज्याचा हिस्सा महाराष्ट्राकडे येत नाही. जो कर आपल्याला मिळतच नाही तो सोडायचा कसा? म्हणून २०१९ च्या योजनेतील प्रोत्साहन अनुदान राज्यांतर्गत विक्रीवरील कराशी जोडले गेले आणि आधी कर भरून मग परतावा घेण्याची पद्धत पक्की झाली. या बदलाचा एक लाभ दुर्लक्षित राहिला आहे. पूर्वी अदृश्य असलेली सवलत आता तिजोरीतून जाणारा खर्च झाली आहे, आणि खर्चाला अट घालता येते.

अशी अट घालण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. व्यवसाय कर वसूल करणाऱ्या प्रत्येक नियोक्त्याला नोंदणी घ्यावी लागते आणि विवरणपत्रात वेतनाच्या टप्प्यांनुसार कर्मचाऱ्यांची संख्या द्यावी लागते. म्हणजे एखाद्या कारखान्यात किती माणसे किती पगारावर आहेत, ही माहिती राज्याच्याच कर विभागाकडे येते. तीच संख्या अनुदानाच्या दाव्याला जोडली, तिच्यात कर्मचाऱ्याच्या मूळ गावाचा रकाना घातला आणि अनुदानाची रक्कम भांडवलाऐवजी त्या संख्येशी बांधली, तर १९७५ चा कर आणि १९६४ ची सवलत प्रथमच एका कागदावर येतील. डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा गंगापूर तालुक्यातून वाहता झाला आहे. त्यालगत पुढेमागे जे उद्योग येतील त्यांच्यासाठी हा कागद आधीच तयार असणे अगत्याचे आहे. एक अडचण मात्र त्यातही राहील. कंत्राटी कामगाराची नोंद कारखान्याच्या विवरणपत्रात नव्हे, तर कंत्राटदाराच्या विवरणपत्रात होते, आणि त्या कंत्राटदाराचे नोंदणीकृत कार्यालय पुण्यात किंवा ठाण्यात असू शकते. लासूर स्टेशनहून पाळीच्या गाडीने वाळूजला जाणारा तरुण त्या कागदावर पुणे जिल्ह्याच्या रोजगारात मोजला जाईल.